गॅरेजमधला शनिवार

मुकुंदा गेल्याची बातमी आली तेव्हा मी दारासमोरचा बर्फ काढत होतो. फोनवर सुलभावहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले हो…" एवढंच त्या बोलू शकल्या. पहाटे झोपेतच हार्ट अटॅक आला होता. नेमका शनिवार होता, म्हणजे दहा वाजता त्याच्या गॅरेजमध्ये नेहमीची डझनभर माणसं जमणार होती, आणि त्यांना परत पाठवायचं काम माझ्यावर आलं. त्यांच्यातला डेव्ह सगळ्यांत आधी आला. ड्राइव्हवेवरच थांबून त्याने विचारलं, आता शनिवारचं काय? मी म्हणालो, संपला. दुसरं काय सांगणार होतो?

मुकुंद काळमेघ आणि मी एकाच कंपनीत होतो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. म्हणजे भांडायला वेगळा विषय लागतच नसे. आमच्या ईडन प्रेरी उपनगरातून ऑफिसला आम्ही त्याच्या गाडीतून जायचो, आणि गाडी त्याची म्हणून रेडिओही त्याचाच. परतताना लोकल स्पोर्ट्स रेडिओवर याच डेव्हचा कार्यक्रम असे. माणसं फोन करून हरलेल्या मॅचबद्दल तावातावाने बोलायची. एवढी रिकामटेकडी माणसं या देशात आली कुठून, असं मला वाटायचं… आणि मग एका शुक्रवारी आमच्या मुकुंदानेच फोन लावला! तेव्हापासून दर शुक्रवारी लवकर घरी येऊन, अर्धा अर्धा तास होल्डवर थांबून, तो आपलं मत मांडू लागला. डेव्ह त्याला 'मिस्टर के फ्रॉम ईडन प्रेरी' म्हणायचा. काळमेघ म्हणता म्हणता त्याची जाहिरातीची वेळ झाली असती. मुकुंदाचा राग खेळाडूंवर कधीच नसे. "खेळाडू हरतात बाप्पा, मालक कधी हरतो का? टीम आपली म्हणायची अन् चावी त्याच्या खिशात!" मी म्हणायचो, अरे, तू स्वतः कॉर्पोरेटचं मीठ खातोस. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "खातो, म्हणून तर किती खारट आहे ते माहीत आहे."

काही वर्षांपूर्वी ते स्टेशन एका बड्या कंपनीने विकत घेतलं. एका सोमवारी रेडिओ लावला तर भलताच आवाज, भलत्याच राज्यातून, भलत्याच टीमबद्दल बोलत होता. डेव्हला श्रोत्यांचा निरोपसुद्धा घेऊ दिला नव्हता. मुकुंदाला ते फार लागलं. घरचं माणूस गेल्यासारखा दोन दिवस त्याने गाडीत रेडिओच लावला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींकडून कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्या करून घेऊन, स्टीलच्या डब्यात भरून तो स्टेशनवर गेला आणि डेव्हला द्या म्हणून, स्वतःचा पत्ता लिहून, डबा ठेवून आला. "वेडा आहेस का?" मी म्हणालो. "नोकरी गेलेल्या माणसाला वड्या कसल्या पाठवतोस?" "मग काय यार, फोनवर रडका चेहरा पाठवू?"

आठवड्याभराने, एका शनिवारी, डेव्ह डबा परत द्यायला आला. डबा लख्ख धुतलेला आणि अर्थातच रिकामा. मुकुंदा तोंड गंभीर करून म्हणाला, आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. तो भला माणूस ओशाळला. "आय गॉट नथिंग, मॅन." "यू गॉट वन अवर?" मुकुंदाने विचारलं. गॅरेज उघडंच होतं. घडीची खुर्ची टाकून डेव्ह बसला आणि आदल्या दिवशीच्या मॅचवर तासभर बोलला. पुढच्या शनिवारी तो दोन जुन्या कॉलरना घेऊन आला, त्यांच्यामागून आणखी आले. ना माइक, ना जाहिराती. नियम एकच होता : बोलायचं असेल तर हात वर करायचा, आणि आधीच्याचं संपेपर्यंत आपण होल्डवर. वहिनी चहाचा थर्मास ठेवून आत निघून जायच्या. मालकांची बाजू घेणारा तिथे मी एकटा, म्हणून माझं येणं सक्तीचं. "तू नसशील तर आम्ही नुसतेच एकमेकांना हो हो म्हणत बसू," असं तो म्हणायचा. पुढे आमच्या कंपनीने त्यालाही घरी बसवलं, तर पठ्ठ्या म्हणतो, बरं झालं, शनिवारच्या तयारीला आता अख्खा आठवडा मिळतो! इतका समाधानी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि याचा मला कधीकधी हेवाही वाटायचा.

मागच्या शनिवारी मी त्याच्या घरी गेलो तो खुर्च्या आवरून ठेवायला. वहिनींना रोज त्या दिसायला नकोत, एवढाच हेतू. गॅरेजचं दार वर गेलेलं होतं. "आई सेड डोन्ट टच द चेअर्स, काका," अनुजा, त्यांची लेक, म्हणाली. डेव्हला आणि बाकीच्यांना तिनेच बोलावलं होतं. टोप्या हातात घेऊन ती मंडळी अवघडून बसली होती. वहिनींनी थर्मास आणून ठेवला, पण त्या आत गेल्या नाहीत. मुकुंदाच्या खुर्चीवर बसल्या. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, मालकांची बाजू तुमची ना? करा सुरुवात." चाचरत, नफा कमावणं म्हणजे काही पाप नव्हे, असं मी म्हणालो. आणि वहिनी इंग्रजीतून सुरू झाल्या. तिकिटं, पार्किंग, विकलेलं स्टेशन. एकेक मुद्दा मुकुंदाच्याच क्रमाने, तो जिथे थांबायचा तिथेच थांबून. आधी शुक्रवारच्या फोनसाठी आणि पुढे दर शनिवारसाठी तो स्वयंपाकघरात, त्या पोळ्या लाटत असताना, त्यांच्यापुढे सगळं म्हणून दाखवायचा, हे मला त्या दिवशी कळलं. माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. मी एक मुद्दा खोडायला गेलो, तर त्यांनी मलाच खोडून काढलं. डेव्हने हळूच हात वर केला.

"मिसेस के, आय ॲम ऑन होल्ड."

"वेट," वहिनी म्हणाल्या. "आय ॲम नॉट फिनिश्ड."