मनगटावरची चिंधी आणि नानाजींचे कुरण

‘‘बाई, बांगड्या आवरा. पाखरू बसून रायलं.’’

नानाजी माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे वाक्य. अमरावतीच्या परकोटातले माहेर सोडून मी तेव्हा अकोटकडच्या या गावात नवी नवी आले होते. माझे यजमान इथे पोरांना शिकवीत. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. एके सकाळी ओढ्यावरून पाणी घेऊन परतताना कुरणाच्या कडेला एक गृहस्थ पालथे पडलेले दिसले. डोक्याला पागोटे नाही, अंगावर मातकट घोंगडी, हालचाल काही नाही. मला वाटले, पान लागले, साप डसला. घागर तिथेच टाकून मी धावत सुटले. हातभर बांगड्या खणखणत होत्या. मी जवळ पोहोचताच त्या निपचित देहाने मान न वळवता वरचे वाक्य उच्चारले.

मी जागीच थिजले. त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिले तर नुसते गवत. बऱ्याच वेळाने गवताच्या बुडाशी एक डोळा दिसला, मग चोच, मग सारीच चंडोलाची मादी. अंड्यांवर बसून ती आम्हा दोघांकडे पाहत होती.

‘‘दिसली?’’

‘‘दिसली.’’

‘‘मंग जा आता. घागर फुटली तुमची.’’

घरी येऊन हे सांगितले तेव्हा मास्तर हसून हसून बेजार झाले. ‘‘अगं, ते मोठे पाटील. नारायणजी. त्यांना सारे नानाजी म्हणतात. त्यांना काहीही झालेलं नाही, ते रोजच तसे पडलेले असतात.’’

या श्रावणात नानाजी साठ वर्षांचे होत आहेत. अकोल्याच्या त्यांच्या स्नेह्यांनी हे पुस्तक छापायचे ठरवले आणि मलाही चार पाने लिहायला सांगितली. एका बाईने, तीही माझ्यासारखीने, पुस्तकात लिहावे की नाही यावर अकोल्याच्या जुन्या शहरात बराच काथ्याकूट झाला, असे ऐकते. नानाजींनी तो एका वाक्यात संपवला: ‘‘पाखरं तिनं पाह्यले, मंग लिहिन कोन?’’

पाखरे पाहणे हा छंद असू शकतो हे आमच्या भागात कोणाला ठाऊक नव्हते. रानात पाखरांमागे जाणारा माणूस म्हणजे शिकारी, एवढीच समज. नानाजी कुरणातून परतले की पारावरचे लोक मुद्दाम अडवीत.

‘‘काय मारलं, नानाजी?’’

‘‘मारलं नाई. पाह्यलं.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काई नाई. पाह्यलं.’’

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की विचारणारे दमले, नानाजी दमले नाहीत. त्यांच्याजवळ बंदूक नाही, जाळे नाही, पिंजरा नाही. घोंगडी आहे, आणि न संपणारा धीर आहे. ज्या दिवशी सांगण्याजोगे काहीच दिसत नाही त्या दिवशीही ते तृप्त मुद्रेने घरी येतात. मी एकदा विचारले, ‘‘आज काय पाहिलंत?’’ म्हणाले, ‘‘गवत. आज गवतच लई सुंदर होतं.’’

मला त्यांनी समोर बसवून असे कधी शिकवले नाही. त्यांच्यामागे चार हातांवर बसता बसता शिकत गेले. सूर्य पाठीशी ठेवावा. आधी डोळे मिटून ऐकावे, मग उघडावे. पाखरावर नजर रोखू नये, त्याला ती लागते. जरा बाजूला पाहावे. वारा एकीकडे आणि गवताचा शेंडा दुसरीकडे हलला की तिथे थांबावे. हे जमू लागले तेव्हा माझे सारे दिवसच बदलले. धुणे धुताना धोबी पक्ष्याची शेपटी दिसे. चूल फुंकताना कौलांवरच्या साळुंक्यांचे भांडण कशावरून चालले आहे ते कळे. मला वाटू लागले की इतके दिवस मी जगाच्या ओसरीवर बसले होते. आता कोणीतरी आत बोलावले होते.

बांगड्यांवर मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात उपाय काढला. जुन्या धोतराची बोटभर रुंद चिंधी माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘बांध.’’ बांगड्या कोपराकडे सारून त्यांवर ती चिंधी गुंडाळली की हात मुका होई. पुढे कुरणात शिरताना ते चिंधी देत आणि मी बांधत असे. देवळात शिरताना पायरीला हात लावावा तसे ते होऊन गेले.

मग मास्तर गेले.

त्या दिवसांविषयी मी फारसे लिहिणार नाही. हातातल्या बांगड्या गेल्या, आणि उंबऱ्याबाहेरचे सारे त्यांच्यासोबत गेले. मागच्या खोलीच्या झरोक्यातून आभाळाचा एक तुकडा दिसे. मी तिकडे पाहणेही सोडले होते. पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी नानाजी अंगणात येऊन उभे राहिले. सासूबाई पुढे झाल्या.

‘‘मास्तरीनबाई हाये का घरी?’’

‘‘असंन नाई तं जाईन कुठी? तिचे का आता बाहीर निंगाचे दिवस हायेत?’’

‘‘चंडोलानं घर केलं. पाहाले कोनी पायजे.’’

‘‘नानाजी, लोकं काय म्हनतीन?’’

‘‘लोकं मले बी म्हनते. इतके वर्स झाले, त्यायचं अजून म्हनूनच नाई झालं.’’

सासूबाईंना हसू आवरले नाही. मास्तर गेल्यापासून त्या घरात कोणी हसल्याचे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आत वळून त्या म्हणाल्या, ‘‘जाय वो पोरी. मी बी येतो संगं.’’

कुरणाच्या कडेशी पोहोचलो. नानाजींनी नेहमीसारखी चिंधी काढली आणि माझ्यापुढे धरली. माझे हात उघडे होते. तिथे वाजण्याजोगे काही उरलेच नव्हते. त्यांना ते दिसत नव्हते असे नाही. ज्यांना वीतभर गवतात पाखराचा डोळा दिसतो त्यांना माझी मनगटे दिसली नसतील? पण हात पुढेच राहिला. म्हणाले, ‘‘बांध.’’

मी बांधली. त्या क्षणी मला कोणी विधवा म्हणून किंवा सवाष्ण म्हणून पाहत नव्हते. मी पाखरे पाहायला आलेली एक बाई होते आणि कुरणात शिरण्याची आमची रीत मी पाळत होते. नानाजींचे माझ्यावर उपकार पुष्कळ आहेत. पण मला कोणी विचारले की सर्वांत मोठा कोणता, तर मी ती चिंधी दाखवीन.

आता ज्या गोष्टीमुळे नानाजींचे नाव अकोल्यापर्यंत गेले ती सांगते. अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेला आमच्या कापसाची गरज पडली, ते दिवस सर्वांच्या स्मरणात आहेत. अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे. बांध फोडून, पायवाटा नांगरून लोकांनी कापूस पेरला. कोणी बांधापलीकडच्या बोरीबाभळीही ठेवल्या नाहीत. शेवटी सगळ्यांची नजर वळली ती पाटलांच्या कुरणाकडे. हे कुरण भाऊबंदांचे सामायिक, आणि नानाजींचा त्यात एकच वाटा.

त्यांचे चुलतभाऊ किसनजी हे सर्वांत मोठ्या वाट्याचे आणि सर्वांत मोठ्या आवाजाचे. चावडीवर ते म्हणाले, ‘‘दादा, सोनं पिकनारी जमीन तुमी पाखरायले आंदन देल्ली. दसरा झाला का नांगर घालतो मी.’’

नानाजी वाद घालत नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, ‘‘घाल. त्याच्या आंधी एक डाव संगं चाल. तनमोर पाह्य. मंग घाल.’’

तणमोर हा कुरणाचा राजा. कोंबड्याएवढे पाखरू, एरवी गवतात दडलेले. पण श्रावणात नर काळाभोर होतो, कानांमागे लांब तुरे फुटतात, आणि सकाळच्या ढगाळ उजेडात तो गवतातून पुरुषभर उंच उडी घेतो. कुरण नांगरले की तणमोर गेला. दुसरीकडे जायला त्याला जागा नव्हती; चहूबाजूंनी कापूसच होता. नानाजींनी तोंडाने सांगितले नाही, पण त्या दिवसांत ते जेवत नव्हते, हे त्यांच्या घरून आम्हाला कळले होते.

ठरल्या सकाळी भाऊबंद आले ते लग्नाला निघाल्यासारखे. जरीची पागोटी, अत्तराचे फाये, आणि अकोल्याहून आणलेले नवे करकरणारे जोडे. कोणी पान थुंकले, कोणी ‘‘कुठी हाये बे तुमचा मोर?’’ म्हणून हाळी दिली. ऊन वर आले. गवत हलले नाही. किसनजी उठले, अंग झटकून म्हणाले, ‘‘दादा, पाखरू बी कापूस पेराले गेलं वाटते.’’ सारे हसत परतले.

त्या दिवशी नानाजी प्रथमच थकलेले दिसले. मी मात्र सरळ किसनजींच्या घरी गेले, मागल्या दाराने, त्यांच्या पत्नी कौसाबाईंकडे. कौसाबाई धाडसी बाई. दुसऱ्याच सकाळी त्या, माझ्या सासूबाई आणि गवताला जाणाऱ्या आणखी काही जणी, अशा आम्ही कुरणात बसलो. साऱ्यांच्या हातांवर चिंध्या. नानाजी पुढे. कोणी खोकलेसुद्धा नाही. आणि तणमोराने आम्हाला दर्शन दिले.

संध्याकाळी कौसाबाईंनी नवऱ्याला काय सुनावले ते साऱ्या आळीने ऐकले: ‘‘तुमच्या जोड्याचा आवाज तं अकोल्याले जाते. पाखरू का बहिरं हाये? उद्या उघड्या पायानं चाला, नाई तं भाकर नाई.’’

किसनजी आले. अनवाणी, डोक्याला साधा रुमाल. पण तेजीत घडवलेले चांदीचे जाड कडे आणि त्याखालची साखळी मनगटात तशीच होती. नानाजींनी चिंधी पुढे केली.

‘‘मले? मी का बाई हाओ, दादा?’’

‘‘कडं वाजते.’’

किसनजींनी बायकोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि निमूट हात पुढे केला. कौसाबाईंनीच गाठ मारली.

आम्ही बसलो. आभाळ भरलेले, वारा पडलेला. किती तरी वेळाने बेडकासारखा आवाज आला, आणि गवतातून ते काळे पाखरू सरळ वर उसळले. पंखांची पांढरी कड लखकन चमकली, मान मागे झुकली, आणि पाय सोडून ते पुन्हा गवतात बुडाले.

‘‘अरे बाप्पा...’’ एवढे किसनजींच्या तोंडून निघते न निघते तोच कौसाबाईंनी त्यांचे तोंड हाताने दाबले. पाखरू पुन्हा उडाले. पुन्हा. ऊन चढेपर्यंत तो माणूस तिथून हलला नाही. परतताना गाडीवाटेवर त्यांना वाचा फुटली.

‘‘दादा, हा उडते कायले?’’

‘‘मादीसाठी.’’

‘‘ते कुठी हाये?’’

‘‘गवतात. त्याले दिसत नाई.’’

‘‘मंग त्याले समजते कसं, ते पाहून रायली म्हून?’’

‘‘समजत नाई. तरी उडते.’’

दसऱ्याच्या आधी चावडी भरली. नांगराचा विषय निघताच किसनजी उभे राहिले. ‘‘त्या कुरनात नांगर नाई चालत. खाली दगड हाये.’’

ती काळी जमीन. नखाएवढा खडा तिथे कोणाला सापडला नसेल. एका म्हाताऱ्याने विचारलेच, ‘‘कुठी हाये दगड, किसन?’’

‘‘म्या पाह्यला,’’ किसनजी गरजले. ‘‘कोनाले पाहाचा असंन तं श्रावनात या. जोडे घरी ठिवून या.’’

चावडीत हशा उसळला, आणि त्या हशातच कुरण राखले गेले. कौसाबाईंमागोमाग घरोघरच्या बायका आधीच चिंध्या बांधून तणमोर पाहून आल्या होत्या. विरोध करायला उरले होते कोण? नानाजी खाली मान घालून पागोटे नीट करीत राहिले. ते तीन-तीनदा का नीट करावे लागले, हे फक्त आम्हाला माहीत.

पुढे लढाई संपली, भाव कोसळले, आणि नानाजींना हे आधीच कळले होते असे आता लोक म्हणतात. त्यांना काही कळले नव्हते. भाव चढेच राहिले असते तरी त्यांनी कुरण राखले असते, आणि मला त्यांचा अभिमान आहे तो त्यासाठी.

आज कुरणात गवत कमरेइतके आहे. श्रावणात सकाळी पार तिवसा गावापासूनचे पाहुणे येतात आणि किसनजी स्वतः वाटेवर उभे राहून एकेकाच्या मनगटाला चिंधी बांधतात, जोडे काढायला लावतात, अत्तर लावलेल्याला परत पाठवतात. साठीच्या सत्काराला अकोल्यास चला, असा मंडळींनी फार आग्रह केला. नानाजी म्हणाले, ‘‘श्रावनात? तनमोर सोडून?’’ म्हणून सत्कारच कुरणाच्या कडेला होणार आहे. शाल घोंगडीच्या रंगाची असावी, एवढी एक अट त्यांनी घातली आहे.

त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो. गुडघे त्यांना ओलावलेल्या जमिनीवर बसू देवोत आणि उठूही देवोत. आमच्या नातवंडांच्या मनगटांवर त्यांनी आपल्या हाताने चिंधी ठेवावी, इतके आयुष्य त्यांना लाभो.

आणि एक विनंती. नानाजी, इतकी वर्षे आम्ही आपल्या मागे बसून श्वाससुद्धा जपून घेतला. त्या सकाळी तणमोराची उडी झाली की आम्हाला एकदाच, चिंध्या सोडून, टाळी वाजवू द्या. पाखरू दडेल, हे ठाऊक आहे. पण आपल्या पाठीमागे कोणी पाहत होते की नाही, हे आपल्याला कधी समजलेच नाही. ते एकदा समजावे.

आपण नाही म्हणाल. तरी विचारते.