ब्राऊननंतर स्लेट

बाबांना झटका आला, त्यानंतर आठ महिने त्यांच्याकडे दोनच शब्द होते: "तेच ते." चहा हवा? तेच ते. दुखतंय कुठे? तेच ते. शेजारचे भेटायला यायचे, खुर्ची पुढे ओढून "ओळखलंत का?" म्हणून ओरडायचे. माणसाची वाचा गेली की कानही जातात असं लोकांना का वाटतं, देव जाणे! बाबा त्यांनाही शांतपणे तेच ते म्हणायचे. उजवा हात लुळा पडला होता, पण हाताचं मला एवढं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याशी बोलावं, मला उद्देशून, एवढंच मला हवं होतं.

बाबा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. फुटपाथखालच्या खड्ड्यात, डोक्यावर ताडपत्री लावून, तांब्याच्या शेकडो तारा एकीला एक जोडत बसायचं, हे काम. परळ-लालबागमधली निम्मी भांडणं आणि निम्मी लग्नं माझ्या हातांखालून गेलीत, असं ऐटीत सांगायचे. रिटायर झाल्यावरही घरचा फोन काढू देईनात. मी एकदा म्हटलं, "बाबा, फायबर घेऊ या. नेट पण येतं आणि फोनही त्यावरूनच चालतो." दोन दिवस तोंड फुगवून बसले. काचेच्या धाग्यातून म्हणे आवाज जाणार! काय थट्टा आहे?

आणि मग दिवाळीच्या तोंडावर आमची लाइन बंद पडली. तक्रार केली, तर उत्तर आलं की तांब्याची केबल आता दुरुस्त होणार नाही, फायबर घ्या नाहीतर नंबर सोडा. आई म्हणाली, "नंबर सोडू नको गे बाई. त्यांचा नंबर आहे तो." बाबांना विचारून काय उपयोग, उत्तर ठरलेलं. त्यांच्या पाठीमागे काहीतरी केल्यासारखं वाटत होतं, तरी मी अर्ज भरला.

शनिवारी जोडणीवाला आला. माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, गळ्यात चष्मा लटकवलेला. आख्ख्या मजल्याचा डबा नेमका आमच्या दाराशेजारी बसवायचा होता, म्हणून तो गॅलरीत मांडी घालून बसला, बाबांच्या खुर्चीला लागूनच. त्याने काळ्या केबलचं टोक सोललं आणि आतून केसासारखे बारीक, रंगीत धागे निघाले. आता बाबा तोंड फिरवणार, माझी खात्रीच होती. पण ते पुढे वाकले.

"ब्लू, ऑरेंज, ग्रीन..." तो स्वतःशीच म्हणत धागे वेगळे करत होता. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "हां, बोला साहेब," म्हणत तो उठला.

"ब्राऊन," बाबा म्हणाले. "स्लेट."

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. बाबांचं चालूच होतं. "व्हाइट, रेड, ब्लॅक, येलो, व्हायोलेट."

जोडणीवाला मोबाइल कानाला तसाच ठेवून वळला. "काका, लाइनीतले का तुम्ही?"

"तेच ते!" बाबा म्हणाले, आणि या वेळी ते अगदी बरोबर होतं.

मग त्याने मला सांगितलं की तांब्याच्या केबलमधले दहाही रंग, त्याच क्रमाने, काचेत घेतलेत. पुढे नुसते दोन वाढवलेत. करड्या रंगाला स्लेट म्हणणारी माणसंही दोन्हीकडची तीच.

मी नाचायचीच बाकी होते. सोमवारी स्पीच थेरपीच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाढे म्हणतो ना आपण, तसं आहे हे. ओळीने पाठ असलेलं टिकतं. याला बोलणं समजू नका. पण सोडूही नका." असा राग आला! कालची पोर ही, हिला काय कळतंय? पण ती खरं बोलत होती, हेही मला कळत होतं.

सोडलं नाही. रोज दुपारी एक वाजता ऑफिसमधून घरी फोन करायचा. मोबाइल दिला तर बाबा ढकलून द्यायचे, पण रिसीव्हर डाव्या हाताने उचलून बरोब्बर कानाला लावायचे. फोन तोच, नंबर तोच, वायर मात्र आता भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात जायची. आईने तो डबा "उगाच लुकलुकतोय" म्हणून दोनदा बंद केला आणि घरी फोन लागेना म्हणून दोनदा माझा जीव टांगणीला लागला. एरवी मी ब्लू म्हणायची, ते ऑरेंज. मी ग्रीन, ते ब्राऊन. व्हायोलेटपर्यंत झालं की मी विचारायची, "जेवलात?" तेच ते.

असा महिना-दीड महिना गेला. एक दिवस आमचं सुरू असतानाच साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले, हातात सहीचे कागद. रिसीव्हर मानेत धरून मी सह्या करत होते. बाबा ब्राऊन म्हणाले आणि मी लक्ष नसताना म्हणून गेले, "येलो."

पलीकडून पुढचा रंग येईना. म्हटलं झालं, होतं तेवढंही घालवलं मी. "बाबा? बाबा, ऐकताय ना?"

"चुकलंस गो," बाबा म्हणाले.

रंग काय, भिंतीकडे बघूनही म्हणता येतात. गो म्हणायला पलीकडे मुलगी लागते. साहेब विचारत होते, "मॅडम, काय झालं?" मी त्यांना, चक्क साहेबांना, हातानेच जा म्हटलं.

"परत म्हणते हां, बाबा. ब्लू."

"ऑरेंज."

"ग्रीन."

"ब्राऊन."

मी डोळे पुसले आणि मुद्दाम पुन्हा चुकले.