अकरा घरांच्या मापाची जीप

ड्रायव्हरअण्णा माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघायचे. कुणी दारावरून चाललं की हाक यायची, "जरा उभी ऱ्हा गं बाय. पाय उचल. आणि जरा वर. दुखतंय व्हय?" मग हातातल्या बांबूच्या काठीवर कोयत्याने एक खूण. अण्णा घरच्या अंगणात एक जुनी फोर-व्हील जीप दुरुस्त करून उभी करत होते, आणि तिची पायरी वाडीतल्या सगळ्यात दुखऱ्या गुडघ्याला चढता आली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

आमची वाडी दिग्गी गावाच्याही पलीकडे, जंगलात. घरं अकरा. पावसाळ्यात ओढा आडवा आला की आजारी माणसाला घोंगडीत घालायचं, घोंगडी बांबूला बांधायची आणि खांद्यावरून न्यायचं. अण्णांनी उमेदीची वर्षं दांडेलीकडे लाकडाच्या लॉरीवर काढली होती. बायको गेल्यावर ते वाडीत परतले आणि भात लावू लागले. मूलबाळ नव्हतं. स्टिअरिंग सुटलं, पण ड्रायव्हर हे नाव काही सुटलं नाही.

पुढे जंगलातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या घरांसाठी सरकारी योजना आली आणि वाडीत कुजबुज सुरू झाली. पहिला अर्ज माझा. हे मी आधीच कबूल करून टाकतो. कारण अगदी साधं होतं, मला तिथला कंटाळा आला होता. जळवांचा, न वाळणाऱ्या कपड्यांचा, संध्याकाळी बोलायला तीच चार माणसं असण्याचा. बायकोला रामनगरात राहायचं होतं आणि मला तिच्याहून जास्त. पण निरोप घ्यायला गेलो तेव्हा अण्णांनी सरळच विचारलं, "का रे चाललास? काय कमी पडलं?" त्यांच्या तोंडावर कंटाळा आलाय म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हणालो, "गाडीचं बघा की अण्णा. पावसात पोरगी आजारी पडली तर काय करू? गाडी असती तर न्हाई गेलो असतो."

सबब चांगली निघाली. माझ्यामागून गेलेल्या दोन घरांनीही तीच वापरली. कुणाचं मन दुखावत नव्हतं आणि सगळा दोष ओढ्यावर जात होता. अण्णांनी मात्र ती शब्दशः खरी मानली. वाडीला कमी आहे ती फक्त गाडी, आणि गाडी तर आपल्या हातातली गोष्ट, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

खानापूरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी जीप आणली. जीप कसली, सांगाडाच. दिग्गीपर्यंत ट्रॅक्टरने ओढली, पुढे दोन बैलजोड्या लावल्या. देवाच्या कामासाठी मी त्या दिवशी वाडीत गेलो होतो, म्हणून हे बघायला मिळालं. पुढे बैल, मागे जीप, आणि जीपमध्ये स्टिअरिंग धरून ताठ बसलेले अण्णा. इंजिन होतं पण बंद, सीट नव्हतीच, भाताच्या पोत्यावर बसले होते. मला बघून ओरडले, "बाजूला हो, ब्रेक न्हाई हिला!" बैल तर गोगलगाईच्या चालीने चालले होते. सगळी वाडी हसली, मीही हसलो.

फणसाखाली मांडव घालून काम सुरू झालं. वाडीत करंट नाही, त्यामुळे वेल्डिंगचं काम निघालं की तो भाग खोलायचा, दिग्गीपर्यंत डोक्यावर आणायचा आणि बसने रामनगर गाठायचं. सायलेन्सर मांडीवर आडवा घेऊन बसलेल्या अण्णांना बसमधली माणसं ओळखायला लागली होती. वेल्डिंग होईपर्यंत ते माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचे. एकदा मी म्हटलं, "अण्णा, जरा लवकर आटपा की." ते म्हणाले, "बोल्टावर चिडलं की बोल्ट मोडतो रे. आन् मोडलेला बोल्ट कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

खरं तर जीप दोन वर्षांत चालू झाली असती. अडवलं ते त्यांच्या मापांनी. ओढ्यातून जायचं म्हणून त्यांनी स्प्रिंगचे पाटे वाढवून जीप उचलून घेतली, इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी पार छपरापर्यंत वर नेली. त्यामुळे पायरी उंच गेली आणि वाडीतला सगळ्यात दुखरा गुडघा जिचा, त्या गंगूआक्काचा पाय पोचेना. खाली दुसरी पायरी लावली, ती दगडाला घासायला लागली. मग ती साखळीने वर उचलता येईल अशी केली. आजारी माणसाला आडवं झोपवता यावं म्हणून मागचा बाक निघणारा केला, आणि वाडीतल्या सगळ्यात उंच माणसाला, पुंडलिकाला, चटईवर निजवून लांबी घेतली. पुंडलिकाचा डावा हात अधू, म्हणून चढायची मूठ उजवीकडे लावली. पुंडलिकाचं घर वाडी सोडून गेलं तरी मूठ काढली नाही. मला रामनगरात दोन वर्षं झाली होती, तरी एका सणाला माझाही गुडघा मापला. मी म्हटलं, "माझं कशाला?" तर म्हणाले, "येशील की परत. तवा माप न्हाई म्हणून अडायला नको." मी पाय उचलून उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

चौथ्या वर्षी, मिरगाच्या तोंडावर, जीप चालू झाली. तोवर वाडीत अण्णांना धरून पाच घरं उरली होती. ओढ्याला कमरेएवढं पाणी आलं तेव्हा अण्णांनी उरलेली सगळी माणसं जीपमध्ये बसवली आणि पलीकडे नेऊन परत आणली. गंगूआक्का साखळीच्या पायरीवरून कुणाचा हात न धरता चढली म्हणे. अण्णांनी हे मला पुढे निदान दहा वेळा सांगितलं असेल.

आठ दिवसांनी गंगूआक्काचा मुलगा त्यांच्या अंगणात आला. मान खाली घालून म्हणाला, "अण्णा, आमचा बी अर्ज पास झालाय. सामान न्यायचं हाय. तुमची गाडी देता काय?"

अण्णांनी बाक स्वतःच्या हाताने काढला. जातं, कणग्या, देवांची पेटी, सगळं भरलं आणि रामनगरात नव्या घरासमोर उतरवून दिलं. त्या पावसाळ्यात उरलेली चारही घरं त्याच जीपने बाहेर पडली. आधी निदान पावसाळ्यात जाणाऱ्याला ओढा आडवा यायचा.

शेवटचं घर पोचवून ते माझ्या दुकानात आले. चहा सांगितला, तो त्यांनी तसाच ठेवला. मग म्हणाले, "एक विचारू? खरं सांगायचं हं. तवा गाडी असती तर ऱ्हायला असतास तू?"

खरं सांगायची तीच एक वेळ होती. नाही म्हणालो असतो तर कदाचित मला शिव्या देऊन ते मोकळे झाले असते. पण दमलेल्या माणसाला तुमची चार वर्षं वाया गेली असं कसं सांगायचं, असा शहाणपणा मला सुचला. मी म्हणालो, "व्हय अण्णा. ऱ्हायलो असतो."

त्यांनी मान हलवली. "मग उशीर माझाच झाला," म्हणाले आणि उठले.

त्यानंतर ते वाडीत एकटेच राहिले. दिग्गीचं कुणी दुकानात आलं की सांगायचं, अण्णा भेटेल त्याला म्हणतात की माझ्या उशिरानं वाडी मोडली. माणूस खंगत चाललाय. प्रत्येक वेळी मी ठरवायचो, पाऊस उघडला की जायचं आणि खरं ते सांगून टाकायचं. पाऊस उघडलाही. मी गेलो नाही. तुळशीच्या लग्नानंतर दिग्गीच्या लोकांना अण्णा घरात मेलेले सापडले.

बाराव्याला बाकीच्या दहाही घरची माणसं वाडीत जमली. इतकी माणसं तिथे कित्येक वर्षांत एकत्र आली नव्हती. जेवणं झाल्यावर सगळे फणसाखाली जीपभोवती बसलो. पुंडलिक तिच्या चाकाला टेकला होता. सुस्कारा टाकून म्हणाला, "अण्णाची गाडी दोन वर्सं आधी झाली असती, तर आपल्यातलं कोण बी हललं नसतं बघा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.