लाइन कुठे अडत होती

...हंडे भरून झाले, पोळ्या झाल्या, मोठीची वेणी घातली आणि धाकटीला शेजारच्या काकूंकडे सोडलं. मिलचा भोंगा बंद होऊन तीन वर्षं झाली होती, तरी घड्याळ न बघता माझे हात बरोबर त्याच वेळेला डबा भरायला लागायचे. डबा ह्यांचाच, दोन कप्प्यांचा... आता मी न्यायचे.

हे मिलच्या लूम खात्यात, मागावर होते. मिल बंद पडली आणि दीड वर्षात हेही गेले. मग इंदुरातच, पलासियाच्या मागे एका रेडीमेड कपड्यांच्या युनिटमध्ये मी शिलाईला लागले.

शाळा माझी नववीपर्यंतच. वाचायची सवय ह्यांच्यामुळे... युनियनच्या ऑफिसात पुस्तकांचं एक कपाट होतं, त्यातून दर आठवड्याला एक आणून द्यायचे आणि जेवताना विचारायचे, "हं, काय निघालं त्यातून?" हे गेल्यावर विचारणारं कुणी राहिलं नाही, पण सवय राहिली. कुठलीही गोष्ट दिसली की यातून काय निघतं, असं डोक्यात चालू व्हायचं.

युनिटमध्ये आम्ही सहाजणी एका मोठ्या टेबलाभोवती मशीन लावून बसायचो. शाळेच्या युनिफॉर्मचे गडद निळे शर्ट. जिला जे जमेल ते ती शिवायची, आणि दिवसभर बडबड.

मग मालकांनी पुण्याचे एक इंजिनीअर आणले. तरुण, शांत, सगळ्यांना ताई म्हणणारे. त्यांनी टेबल काढून टाकलं आणि मशीन एकामागे एक लावल्या... म्हणजे 'लाइन'. एकीनं एकच काम करायचं, गठ्ठा पुढे द्यायचा, जागेवरून उठायचं नाही. हातात स्टॉपवॉच घेऊन ते मागे उभे राहायचे तेव्हा आमचे टाके वाकडे पडायचे.

माझ्याकडे बाही लावणं आलं. माझ्यापुढे सुशीलाजीजी, आमच्यात वयानं सगळ्यात मोठ्या. त्यांच्याकडे बगल, म्हणजे बाहीपासून खालपर्यंत सरळ शिलाई... अख्ख्या लाइनीतलं सगळ्यात सोपं काम.

आणि गठ्ठे नेमके तिथेच अडायला लागले. पुढच्या मशीनवरची रेखा रिकामी बसून टोमणे मारायची, "जीजी शादी का जोड़ा सी रही हैं, भिया, टाइम लगेगा." सगळ्या हसायच्या. मीही हसले आहे.

एका शुक्रवारी सकाळीच ते इंजिनीअर साहेब म्हणाले, "सुशीलाताई, सोमवारपासून तुम्ही येऊ नका. वाईट वाटून घेऊ नका, पण लाइन थांबते." जीजींनी पुढचा गठ्ठा ओढून घेतला. त्यांचे मिस्टरही मिलमधलेच, ती बंद पडल्यापासून घरी बसलेले. चूल जीजींच्या हातावर होती.

मला एकच कोडं पडलं. हीच बाई टेबलावर असताना कधी मागे पडली नव्हती. मग सरळ शिलाईत कशी अडकते?

दुपारी सगळ्या डबे घेऊन गच्चीवर गेल्या. मी खाली थांबले आणि जीजींच्या मशीनपाशी जाऊन बघितलं... पायाशी उसवलेल्या धाग्याचे तुकडे पडले होते. ढीगभर. काळे.

त्या आठवड्यात निळी रिळं कमी पडली म्हणून काळा धागा एकाच मशीनवर होता. माझ्या.

मी एक शर्ट उलटा करून बघितला. बाहीच्या कडेला सुईची जुनी भोकं आणि त्यावर नवी निळी शिलाई. दुसरा बघितला, तिसरा बघितला... बाहीची पुढची बाजू मी मागे लावत होते, आणि जीजी ती उसवून, फिरवून, नीट लावून मग आपली बगल शिवत होत्या.

वर जाऊन मी त्यांच्या शेजारी बसले. "जीजी, कधीपासून?"

"लाइन लागली तेव्हापासून. आधी तू खिडकीपाशी बसायचीस ना गं. आता त्या अंधाऱ्या कोपऱ्यात निळ्या कापडावरची, बाहीची पुढची बाजू दाखवणारी खूण तुला दिसत नाही."

"मग मला सांगायचं ना."

"टेबलावर असतो तर तिथल्या तिथे म्हटलं असतं, ए बाई, उलटी लावलीस. आता उठायचं नाही, ओरडून सांगावं तर साहेब ऐकणार. तुझ्या दोन पोरी आहेत... जेव तू आधी."

मी डबा उघडला. आणि तरी डोकं थांबेना, काय करणार. टेबलावर चूक व्हायची तेव्हा कुणीतरी बघायचं, बोलायचं, हसायचं आणि ती दुरुस्त व्हायची... ते कुणाचंच काम नव्हतं म्हणून साहेबांच्या कागदावर आलंच नाही. मशीन त्याच, बायकाही त्याच होत्या. फक्त आम्हाला एकमेकींच्या पाठी दिसत होत्या.

मिलमध्ये नवे लूम आले तेव्हा हे असंच काहीतरी म्हणाले होते. मशीन बघायला मिलचे साहेब चारदा आले, आम्ही कसे उभे राहतो ते बघायला कुणी नाही. तेव्हा मी भाकरी थापत हो म्हटलं होतं. कळलं त्या गच्चीवर... आणि सांगायला हे नव्हते.

संध्याकाळपर्यंत मी साहेबांकडे गेले नाही. खोटं कशाला लिहू, भीती वाटत होती. सांगितलं तर सोमवारी जीजींच्या जागी मी घरी.

निघताना माझ्या हातचा शेवटचा गठ्ठा, त्या कोपऱ्यात पुन्हा उलट्याच लागलेल्या बाह्यांचा, मी जीजींकडे सरकवला नाही. माझ्याच मशीनखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले, तो गठ्ठा साहेबांच्या टेबलावर सोडला आणि म्हटलं, "साहेब, या बाह्या मी उलट्या लावल्यात. जीजी रोज माझंच उसवत बसतात."