आत्यानं न सोडलेली जागा

नलूआत्या गेल्याची बातमी धाकट्या भावानं फोनवर दिली. "दीदी, आत्या नहीं रही," एवढंच म्हणाला. रायपुरात वाढलेली आमची पिढी अशीच. मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदी निघते. सकाळी शेजारणीशी गॅलरीतून गप्पा मारून आत्या खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्याच गेली. मी पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात फोन धरून उभी राहिले तेव्हा मनात आलं ते हेच, की मी आज इथं उभी आहे ती या बाईनं एकदा मला साफ 'नाही' म्हटलं म्हणून... आता काही आठवडे उलटलेत. ते सांगावंसं वाटतंय.

आत्यानं अमरावतीला गणित घेऊन बी.एस्सी. केलं आणि भोपाळला सरकारी कचेरीत लागली. पुढे छत्तीसगढ राज्य वेगळं झालं, कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि तिच्या वाट्याला रायपूर आलं. तिच्याबरोबरचे बरेच जण तोंड पाडून आले. आत्या मात्र खुशीत. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे बाबा, रेल्वेच्या नोकरीमुळे आधीपासून तिथल्या तात्यापारा वस्तीत राहत होते. "नवं राज्य आहे दादा, साऱ्या फायली कोऱ्या आहेत," ती त्यांना म्हणाली होती. लग्न तिनं केलं नाही. समता कॉलनीत एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारे पिकांचे आकडे जुळवणं हे तिचं काम. मी तेव्हा कॉलेजात होते आणि संध्याकाळी गणितासाठी तिच्याकडे जायचे. ती मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे. "हिंदीत सांग नाहीतर छत्तीसगढीत, पण उत्तर पुरं सांग," ती म्हणायची.

अशाच एका संध्याकाळी मी तिला कॉलेजच्या फलकावर पाहिलेली सूचना सांगितली. दूरच्या एका विद्यापीठात उन्हाळ्यात महिनाभर गणित आणि संख्याशास्त्राचं शिबिर होतं. राहणं-जेवण तिथंच, जागा थोड्या. अर्जाबरोबर काही गणितं सोडवून पाठवायची आणि आपल्याला का यायचं आहे ते एका पानात लिहायचं. मी आणलेला कागद आत्यानं वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"वयाची अट कुठं लिवली आहे?"

"नहीं लिखी है."

"मंग मीबी अर्ज भरीन."

मला हसू फुटलं. आत्या पंचेचाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, कचेरीत सगळे 'मैडम' म्हणत. ती हसली नाही. पोळपाटावरची पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "इतकी वर्सं आकडे जमा करून राहिली मी. त्यातला कोणता मोजून आला अन् कोणता बसल्या जागी लिवला, हे मले ओळखता येत नाही. ते शिकाचं आहे."

मग आम्ही दोघी त्या गणितांमागे लागलो. टेबलाच्या एका टोकाला ती, दुसऱ्याला मी. अर्ज जाईपर्यंत एकमेकींची वही पाहायची नाही, असा तिचाच नियम. मी अडले की केविलवाणं तोंड करायचे आणि ती पंख्याचा वेग वाढवून पुन्हा आपल्या कागदात डोकं घालायची. 'का यायचं आहे' या पानावर मी गणिताच्या लहानपणापासूनच्या आवडीबद्दल गोड गोड लिहिलं. तिनं मात्र पोळ्या करताना जे सांगितलं होतं, तेच सरळ लिहिलं. सायबर कॅफेत जाऊन दोघींचे अर्ज आम्ही एकाच दिवशी पाठवले.

निकाल आला. आत्याची निवड झाली. माझं नाव प्रतीक्षायादीत, पहिलं.

त्या संध्याकाळी बाबा मला स्कूटरवर मागे बसवून समता कॉलनीत आले. आत्या चहा ठेवत होती. बाबांनी बसायच्या आधीच विषय काढला.

"नलू, तू नाव काढून घे. मंग पोरीचा नंबर लागते."

"नाही दादा."

"काहून? तुले आता शिकून काय कराचं आहे? पोट्टीचं सारं आयुष्य पडलं आहे समोर."

"माहंबी पडलं आहे," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही, भांडणाचा सूर नाही. "माहं नाव लागलं आहे. मी जाऊन राहिली."

बाबा चहा न घेता जिना उतरले. मी दारातच उभी, डोळे भरलेले. आत्या माझ्याजवळ आली. "माह्या जागेवर गेली असती, त जलमभर वाटलं असतं का आत्यानं देली. आता वर्षभर मी तुले सोडत नाही. पुढच्या साली तू तुह्या जागेवर जाशीन. समजलं?"

"समझ गई," मी म्हणाले. खरं तर तेव्हा काहीच समजलं नव्हतं. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून मी भरपूर रडले.

रजेसाठी साहेबांनी "मैडम, गर्मी की छुट्टी तो बच्चों की होती है" म्हणून पाहिलं. आत्यानं शिल्लक रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि सही होईपर्यंत समोर बसून राहिली. स्टेशनवर सोडायला मी एकटीच गेले, बाबा आले नाहीत. परतली तेव्हा ती वाळली होती, पण काय तेज होतं चेहऱ्यावर! पहिले काही दिवस फळ्यावरचं एक अक्षर कळलं नाही, पहिल्या चाचणीत शेवटून दुसरी आली, हे तिनं हसत हसत सांगितलं. "सारे पोट्टे आंटी म्हणत. मंग एक दिवस त्याईच्या आधी माहं उत्तर निघालं, अन् त्या दिवसापासून दीदी झाली."

वर्षभर तिनं शब्द पाळला. तिथं शिकलेलं सगळं माझ्याकडून करून घेतलं आणि चुकलं की पुन्हा करायला लावलं. कचेरीत जिल्ह्यांचे आकडे आले की त्यातले काही ती शंका लिहून परत धाडू लागली. वरचे लोक वैतागले. पण काही गावांत खरोखर पुन्हा मोजणी झाली, आणि त्या दिवशी तिनं कचेरीतल्या सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. भाऊबीजेला ती नेहमीसारखी तात्यापाऱ्यात आली. बाबांनी ओवाळून घेतलं, पण बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्याआधी यादीत माझं नाव आलं, तेव्हा मात्र ते स्वतः पेढे घेऊन तिच्याकडे गेले. "नलू, पोरीचं नाव लागलं." आत्यानं विचारलं, "तिचंच न?" "तिचंच." "मंग बस. चहा घेऊन जा."

तिच्या तेराव्यानंतर आम्ही तिच्या खोल्या आवरायला गेलो. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत, जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. भाऊ भांडी बांधत होता. बाबा खिडकीपाशी, आत्याच्या खुर्चीत बसले. मग एकदम मला म्हणाले, "ती तिथं काय शिकाले गेली होती गं? मी कधी विचारलंच नाही तिले."

मी खुर्ची ओढून समोर बसले. कागद घेतला. एक मोठा चौकोन काढला. हे सगळ्या जिल्ह्यातलं धान, बाबा. एवढं सगळं कापून मोजता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही शेतं निवडायची, त्यातला छोटासा तुकडा कापायचा, तोलायचा आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज सांगायचा. पहिल्यांदाच मी बाबांशी सलग मराठीत बोलत होते.

"मंग चुकते का नाही?" त्यांनी विचारलं.

"चुकतो ना. पण किती चुकेल, ते आधीच सांगता येतं."

"चूक होयाच्या आधी?"

"हव."

बाबांनी कागद जवळ ओढला. चौकोनावर हळूहळू बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा सांग. सुरुवातीपासून."

भावानं भांडी बांधायचं थांबवलं आणि तोही येऊन बसला. मी नवा कागद घेतला.