मोरीवर जागा नव्हती

"शर्ट काढ," तो म्हणाला.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी रस्त्याखाली घोटाभर चिखलात उभा होतो. सायकल अंगावर कललेली. त्याची जीप वर डांबरावर, इंजिन चालू. हॉर्न ऐकून घाईने उतरताना माझं हँडल जीपच्या दाराला घासलं होतं. बोटभर लांबीची रेघ उठली होती.

"ऐकू येत नाही? शर्ट काढ आणि पूस."

रेघ पुसून जात नाही, हे त्यालाही माहीत होतं. मी शर्ट काढला. खाकी शर्ट, त्याच्याच बापाच्या कारखान्याने दिलेला. पनवेलच्या वेशीवर त्यांचा खोक्यांचा कारखाना होता. मी तिथे टेंपररी कामगार. नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली त्यांचं फार्महाऊस होतं आणि त्याच रस्त्यावर, थोडं अलीकडे, माझं गाव. कारखान्यात सगळे त्याला धाकटे शेठ म्हणत. वयाने तो माझ्याहून लहान होता.

मी दार पुसत होतो. लावणीला निघालेल्या चारपाच बाया थांबून बघत होत्या. त्यातली एक माझ्या आईची मैत्रीण. तिने मान दुसरीकडे वळवली. मला तिचा राग आला. त्याचा आला नाही. ही गोष्ट मला आज लिहिताना जास्त लागते.

"चकाचक कर," तो म्हणाला. मग घड्याळ बघून निघून गेला. मी चिखलाचा शर्ट तसाच अंगात घातला आणि कामावर वेळेत पोचलो.

बाळाराम मागून येत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो माझ्याच कारखान्यात, कटिंग मशीनवर. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा, आगरी, शेजारच्या पाड्यातला. आम्ही रोज जोडीने यायचो-जायचो. त्या सकाळी तो मला गाठून शेजारून पॅडल मारत राहिला. नवीन पनवेलच्या अर्धवट इमारती दिसू लागल्यावर म्हणाला, "तुजी सायकल हाय का नवी नवरी रं? गाडी आली का पदर घेऊन बाजूला!"

"हॉर्न वाजवला त्याने."

"वाजवू दे ना. आमी काय लोकाच्या वरातीत घुसलोय? रस्ता हाय."

मी हसलो. त्याच्या बोलण्यावर सगळेच हसायचे. त्याच्यासारखं करायचं मात्र कुणी नाही.

आमच्या रस्त्यावर तशी पद्धतच होती. मागून मोटारीचा हॉर्न आला की सायकलवरून उतरायचं. नुसतं कडेला व्हायचं नाही, उतरायचं. सायकल हातात धरून डांबराखाली उभं राहायचं, गाडी गेली की परत वर. ही पद्धत मला बापाने शिकवली. त्याच्या तरुणपणी आमच्या वस्तीतल्या माणसाला खोताच्या दारावरून सायकलवर बसून जायची सोय नव्हती. उतरायचं, चपला हँडलला अडकवायच्या, हाताने सायकल ढकलत, खोत बसायचा त्या ओटीपुढून न्यायची. पुढे खोताची जमीन गेली, मुलं मुंबईला गेली. ओटी रिकामी झाली. मग फार्महाऊसं आली आणि गाड्या आल्या. बापाने मला खोताच्या जागी हॉर्न शिकवला. "उतरलेला मानूस मरत नाय," तो म्हणायचा. तो भीतीने सांगत नव्हता, मायेने सांगत होता. म्हणून ते माझ्यात इतकं खोल गेलं.

शनिवारी तर तमाशा असायचा. आमची पहिली पाळी दुपारी सुटायची आणि त्याच सुमाराला मुंबईच्या गाड्या फार्महाऊसला निघायच्या. नेऱ्याच्या रस्त्यावर वीसपंचवीस कामगार सायकली धरून ओळीने खाली उभे. गाड्यांमागून गाड्या. आमच्या तोंडावर धूळ. आणि त्या रस्त्यावर एकटा बाळाराम, डाव्या कडेने, आपल्या चालीने, पॅडल मारत जायचा. तो कधी मध्ये आला नाही. कुणाला आडवा गेला नाही. फक्त उतरायचा नाही.

तो शनिवार भातकापणीच्या दिवसांतला. पावसाने डांबराच्या कडा खाऊन टाकल्या होत्या, कडेला वीतभर खोल खडी. पुढे ओढ्यावर एक मोरी होती. अरुंद. दोन्ही बाजूंचे कठडे कधीच पडून गेलेले. बाळाराम माझ्या पुढे दहाबारा हातांवर होता. तो मोरीवर चढला आणि मागून हॉर्न आला. एकदा नाही. दाबून धरलेला, न थांबता.

मी उतरलो. विचार न करता. पाय आपोआप खाली आला.

बाळारामने एकदा मागे पाहिलं. माझ्याकडे नाही, जीपकडे. मग डावीकडे खाली पाहिलं. खाली ओढ्याचे दगड होते. त्या दिवशी त्याला उतरायचं असतं तरी उतरायला जागा नव्हती. दहा हात पुढे गेला असता तर मोरी संपली असती. जीपला तेवढा धीर नव्हता.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्रा दुमडल्यासारखा. सायकल ओढ्यात गेली आणि बाळाराम मोरीच्या कडेवर पडला, पाय जीपच्या मागच्या चाकाखालून निघालेला. जीप पुढे जाऊन थांबली. धाकट्या शेठने मागे वळून पाहिलं. आमची नजरानजर झाली. मग जीप निघून गेली.

पेंढ्याच्या टेम्पोतून मी बाळारामला पनवेलला आणलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. वाटेत तो शुद्धीवर होता. "सायकल काढा रं कोनीतरी," एवढंच म्हणत होता.

उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला ऑफिसात बोलावलं. हवालदार खुर्चीवर बसून चहा पीत होता. टेबलावर कागद. जबाब आधीच लिहून तयार होता, माझ्या नावाने.

"वाच," मॅनेजर म्हणाला. "न वाचता सही घेतली असं नको व्हायला."

मी वाचला. मागून जीपने हॉर्न दिला. हॉर्न ऐकून मी सायकलवरून उतरून बाजूला झालो. बाळाराम हॉर्न देऊनही उतरला नाही. ओळीओळीने वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"साहेब, मोरीचं नाही लिहिलं."

"मोरी कुठून आली मध्येच? हॉर्न वाजला का?"

"वाजला."

"तू उतरलास?"

"हो."

"तो उतरला?"

"नाही."

"मग झालं की!" मॅनेजर हसला. "तुला कोण खोटं बोलायला सांगतंय?"

हवालदाराने पेन पुढे केलं. जीप न थांबता गेली, हेही त्यात नव्हतं. मी ते विचारलंसुद्धा नाही. घरी म्हातारा बाप, बायको, दोन मुली. चार वर्षं टेंपररी. मी सही केली. पुढच्या महिन्यात मला परमनंटचं पत्र मिळालं. बायकोने ते देवापुढे ठेवलं.

त्यानंतर मी कोंडला गेलो. दुसरा शब्द मला सापडत नाही. बाळारामचं घर माझ्या वाटेवरच होतं, रस्त्याला लागून. त्याच्या दारावरून जाणं मला जमेना. मी नेऱ्याच्या अलीकडे रस्ता सोडायचो, सायकल खांद्यावर घ्यायचो आणि शेताच्या बांधाबांधाने घरी जायचो. पावसाळ्यातसुद्धा. लोक विचारायचे, मी सांगायचो, रस्त्यावर गाड्या फार झाल्यात. मशीनवर बाळारामच्या जागी दुसरा माणूस आला. त्याला सगळे बाळारामचे विनोद सांगायचे. मी उठून पाणी प्यायला जायचो.

एकदाच गेलो. बायकोने पाठवलं म्हणून. बाळाराम पडवीत बाजेवर बसला होता. यमुना वहिनी, त्याची बायको, आतून बाहेर आली नाही.

"ये," तो म्हणाला. "बस. आज रस्त्याने आलास वाटतं."

म्हणजे त्याला माहीत होतं.

बराच वेळ आम्ही पिकापाण्याचं बोललो. मग तो म्हणाला, "तू लिवून दिलंस त्यात खोटं काय नाय. मी नाय उतरलो. कवाच उतरलो नाय."

मी खाली बघत होतो.

"पन मोरी दिसली नाय का रं तुला?"

"दिसली."

"मंग?"

एवढंच. त्याने आवाज चढवला असता, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. मी उठलो आणि निघालो. उत्तर होतं, सांगण्यासारखं नव्हतं.

बाळारामने भरपाईचा दावा लावला होता. अपघाताला दीड वर्ष झालं तेव्हा अलिबागच्या कोर्टात माझी साक्ष निघाली. शेठच्या बाजूने. सकाळी मला कारखान्याच्या गेटवरून गाडीत घेतलं. नवी पांढरी गाडी, काचा बंद, आत गारवा. धाकटे शेठ स्वतः चालवत होते, शेजारी वकील. मागे मी, मांडीवर त्यांच्या फायली आणि जेवणाचे डबे. गाडीत बसायची माझी ती पहिली वेळ. दाराचं हँडल कुठे आहे ते मला कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

"विचारलं तेवढंच बोलायचं," वकील मागे न बघता म्हणाला. "हो किंवा नाही."

पळस्पे मागे पडलं. कर्नाळ्याच्या अलीकडे पुढे एक म्हातारा दिसला. सायकलवर मागे गवताचे दोन भारे. धाकट्या शेठने हॉर्न दाबला. म्हातारा उतरला. माझ्यासारखाच, पाय आपोआप खाली. भाऱ्यांनी त्याचा तोल गेला, सायकल त्याला घेऊन खाली आडवी झाली. पडता पडता त्याचा हात कपाळाकडे गेला. सलाम करायला.

धाकटे शेठ वकिलाला हापूसच्या कलमांबद्दल सांगत होते. वाक्य मध्ये तुटलं नाही. त्यांनी म्हाताऱ्याला पाहिलंच नव्हतं. हॉर्न बोटाने वाजवला होता, डोळ्यांनी नाही.

मी मागच्या काचेतून बघत राहिलो. म्हातारा उठला की नाही, वळणामुळे दिसलं नाही.

इतकी वर्षं चिखलात उभा राहून मला वाटायचं, निदान त्यांना कळतं की मी उतरलो. मान दिला, जागा दिली. माझी आणि त्यांची काहीतरी देवाणघेवाण चालू आहे. आत बसल्यावर कळलं, काचेच्या या बाजूला कुणी नाहीच. आम्ही कुणासाठी उतरत होतो? रिकाम्या ओटीसाठी. आणि त्या रिकाम्या ओटीसाठी मी एका माणसाचा पाय कागदावरून गाळला होता.

मी पुन्हा मागे वळलो, मांडी हलली. डब्यांचा आवाज होऊ लागला.

"अरे, नीट धर," धाकटे शेठ म्हणाले.

कोर्टात बाळाराम कुबड्या घेऊन बाकावर बसला होता. वहिनी शेजारी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

वकिलाने विचारलं, "जीपने हॉर्न दिला होता?"

"हो."

"आपण बाजूला झालात?"

"हो."

"आणि अर्जदार बाजूला झाला नाही?"

पंखा फिरत होता. मला एक शब्द बोलायचा होता आणि तो खरा होता.

"तो मोरीवर होता," मी म्हणालो.

"हो की नाही, तेवढं सांगा."

"मोरीला कठडे नव्हते. खाली दगड. उतरायला जागा नव्हती."

"साहेब, साक्षीदार विचारलेल्या प्रश्नाचं..."

न्यायाधीशांनी हात वर केला. "बोलू द्या त्यांना."

मी बोललो. मोरी किती अरुंद ते सांगितलं. हॉर्न दाबून धरला होता ते. जीप थांबली, धाकट्या शेठने मागे बघितलं आणि जीप निघून गेली ते. आधीचा जबाब ऑफिसात तयार लिहिलेला होता, मी वाचून सही केली, हेही. बाळाराम खाली बघत होता.

बाहेर आल्यावर पांढरी गाडी निघून गेली होती. मी एसटीने आलो. त्याच एसटीत बाळाराम आणि वहिनी होते. मी त्यांच्या सीटजवळ जाऊन उभा राहिलो. बाळाराम खिडकीबाहेर बघत होता.

"वहिनी," मी म्हणालो.

"दीड वरीस," ती म्हणाली. "माज्या घरात दीड वरीस चूल कशी पेटली, तुला म्हायती हाय? आता कसलं 'वहिनी' म्हनतोस?"

पनवेल येईपर्यंत मी उभाच होतो. मागे जागा रिकामी होती.

आठवड्याने कारखान्यातून मला काढलं. कारण लिहिलं, शिस्तभंग. आता मी लाकडाच्या वखारीत फळ्या मोजतो. बायको अजून अधूनमधून विचारते, "आम्हाला न विचारता एकट्यानंच का उडी मारलीत?" तिच्याशी मी भांडत नाही. तिचं घर मी मोडलं, बाळारामचं आधीच मोडलं होतं. एका खऱ्या बोलण्याने यातलं एकही पुन्हा उभं राहत नाही.

दाव्याचा निकाल लागलेला नाही. तारखा पडतात. गेल्या रविवारी मॅनेजर स्वतः वखारीत आला. फळीवर रुमाल टाकून बसला. म्हणाला, "पुन्हा साक्ष होणार आहे. इतकी वर्षं झाली, माणसाची आठवण इकडची तिकडे होते. तू म्हण, नक्की आठवत नाही. बस. शेठ मनाने मोठे आहेत. परत घेतील तुला."

"मला आठवतं," मी म्हणालो.

"मुलींची लग्नं व्हायची आहेत तुझ्या."

"आठवतं, साहेब."

तो गेला. मी त्याला पाणी विचारलं नाही.

बोलावतील तितक्या वेळा मी अलिबागला जाणार. मोरीचं सांगणार, जीपचं सांगणार. आणि मागच्या वेळी जे गिळलं, तेही या वेळी सांगणार: जबाबावर सही केल्यावर पुढच्याच महिन्यात मला परमनंट केलं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. ते कोर्टापुढे ठेवणार. त्यावर माझं नाव आहे, आणि सगळ्यांसमोर ते मीच मोठ्याने वाचणार.