माझ्या मुलीच्या बाई

"हनवटी वर. हनवटी खाली गेली की सूर बी खाली जातो," असं म्हणत बाई दोन बोटांनी मुलीची हनवटी उचलायच्या. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. पहिल्याच दिवशी मी दारातून ते पाहिलं आणि मला आवडलं नाही. ती हनवटी धरून भांग पाडायचं काम माझं होतं.

तुम्ही उस्मानपुऱ्यात राहत असाल तर बाईंना पाहिलं असेल. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि भाजी निवडतानाही चाललेलं गुणगुणणं. भाजीवाला भाव सांगायला लागला की हात वर करून त्याला थांबवायच्या. तान पुरी झाली की मग, "हां, काय म्हणलास?" आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या आणि गाणं शिकवायच्या.

बाई शेंद्र्याकडच्या शेतकरी घरातल्या. तिथं कारखाने यायच्या आधीची गोष्ट. गावच्या भजनात त्यांचा आवाज ऐकून वडिलांनी त्यांना शहागंजातल्या एका खाँसाहेबांकडे नेलं. एसटीनं यायच्या, शिकायच्या, शेवटच्या गाडीनं परत जायच्या. भावांनी अबोला धरला, सोयरिकी मोडल्या. बाई शिकत राहिल्या. पुढे रेडिओवर गायल्या, संगीत संमेलनांना जाऊन आल्या. पण आयोजक त्यांना कायम दुपारी बसवायचे. लोक जेवून पेंगत असायचे, पुढच्या रांगा रिकाम्या. संध्याकाळ मोठ्या नावांसाठी राखलेली. "दुपारचे राग माझ्याइतके कुणी गायले नसतील," असं त्या हसून सांगायच्या. मग तीही बोलावणी थांबली आणि त्या शिकवू लागल्या.

माझी मुलगी वर जायला लागली आणि हळूहळू तिकडचीच झाली. आमच्या घरात शुद्ध बोलण्यावर भारी कटाक्ष. सासरे शाळा तपासनीस होते. आणि ही जेवताना म्हणायची, "लई झालं, आता नको." 'नाय' काय, 'व्हय' काय. मी टोकलं की उत्तर तयार, "बाई असंच म्हणतात." बाईंसारखी मान तिरकी करून ऐकायची, बाईंसारखा चहा बशीत ओतून प्यायची. दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन ती आधी जिना चढली. मी खाली निरांजन लावून उभी.

पदवी झाली आणि एके दिवशी ती रडतच खाली आली. बाईंनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. माझ्या मनात आधी उकळ्या फुटल्या. तरी जाब विचारायला म्हणून वर गेले.

बाई तानपुऱ्याला गवसणी घालत होत्या. "माझ्यापाशी होतं ते समदं दिलं, ताई," त्या म्हणाल्या. "आता ती हुबेहूब माझ्यासारखी गाती. अशीच ठेवली तर तिलाबी दुपारचीच येळ मिळंल. पुण्यात एक गुरुजी हायेत, त्यांच्याशी बोलले म्या. धाडा तिला."

"तुम्हाला करमेल?" मी विचारलं.

"तुमाला करमंल व्हय?" त्या म्हणाल्या.

मुलगी पुण्याला गेली आणि बाई संध्याकाळी खाली येऊ लागल्या. निमित्त चहाचं. थोडा वेळ हवापाण्याचं बोलून हळूच विचारायच्या, "फोन आलता व्हय? गुरुजी काय म्हणत्यात?" मला फोन रोज यायचा, बाईंना कधीमधी. हे कळल्यापासून मी त्यांच्या चहात आलं जरा सढळ हातानं घालू लागले.

एकदा मी सांगितलं, "गुरुजींनी तिचा आवाज नव्यानं लावायला घेतलाय म्हणे."

बाईंनी कप खाली ठेवला. "नव्यानं? लावायचं काय राहिलंय त्यात?"

त्यानंतर काही दिवस त्या फिरकल्या नाहीत. पहिल्या रात्री मला छान झोप लागली. नंतर मात्र संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं. त्यात मुलीचं प्रत्येक वाक्य आता "गुरुजी म्हणतात"नं सुरू व्हायला लागलं होतं. बोलणंही स्वच्छ पुणेरी. तिचं ते 'लई' कुठे गेलं कोण जाणे. शेवटी मीच वर गेले आणि म्हणाले, "बाई, तो माणूस मलाही आवडत नाही."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मागच्या हिवाळ्यात मुलीचं गाणं आपल्याच शहरात झालं. सभागृह भरलेलं. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मुलीनं कानाला हात लावून आधी गुरुजींचं नाव घेतलं, मग बाईंचं. माझं नाव घ्यायचं काही कारणच नव्हतं. पहिला सूर लागला तसा बाईंनी माझा हात गच्च धरला. "संध्याकाळची येळ हाय, ताई," एवढंच पुटपुटल्या.

गाणं संपल्यावर गुरुजींभोवती गर्दी झाली. मुलगी त्यांच्या पाया पडत होती, फोटो निघत होते. मी पुढे घुसायला निघाले तसं बाईंनी मला मागे ओढलं. "थांबा. आपली पाळी यायचीय." बोलल्या माझ्याशी, पण बघत होत्या गुरुजींकडे. ती नजर मी चांगली ओळखत होते. कित्येक वर्षं मी तशीच बाईंकडे बघत आले होते.

उन्हाळ्यात बाई गेल्या. जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मुलगी आली, दोन दिवस राहिली, तानपुरा घेऊन गेली.

परवा तिचा फोन आला. यंदा दिवाळीला येणार नाही म्हणाली. गुरुजींच्या घरी पहाटेचं गाणं असतं, सगळे शिष्य तिथंच थांबतात, फराळही तिथंच. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. अंगाची लाही लाही होत होती. तशीच उठले, जिना चढले आणि बेल दाबली.

नव्या भाडेकरूंच्या सुनेनं दार उघडलं. तिचे हात पिठाचे होते.

"कोण हवंय, काकू?" तिनं विचारलं.